वावरात खाल्लेलं कुठं मोजतात?

हा मजकूर तुम्ही वाचाल तेव्हा तुमच्या हाताशी चिवड्याची ताटली असणार, हे मी धरूनच चालले आहे. असू द्या. लोकांचं वजन उतरवण्याचं काम करणाऱ्या बाईकडे दिवाळी अंकासाठी लेख मागणं हा संपादकांचा खोडसाळपणा आहे, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. म्हटलं, "तुमचे वाचक मला शिव्या देतील." ते म्हणाले, "खात खात देतील, तुम्ही लिहा." म्हणून लिहिते.

मी सौसरच्या शाळेत खेळ शिक्षिका होते. पोरींना कबड्डी, खो-खो शिकवणं आणि पंधरा ऑगस्टला कवायत बसवणं, यात नोकरी सरली. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता दुपारी झोप काढायची. पण पांढुर्ण्याचे एक डॉक्टर ओळखीचे होते. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटना ते एकच गोष्ट सांगत, वजन कमी करा, आणि पेशंट मान हलवून घरी जात. कसं कमी करायचं हे सांगायला डॉक्टरांना वेळ नव्हता, आणि मला वेळच वेळ होता. मी आहाराचा एक अभ्यासक्रम पुरा केला आणि घरोघरी जाऊ लागले. खांद्यावरच्या कापडी पिशवीत वजनकाटा, मोजायचे चमचे आणि शिंप्याकडची टेप. बसमधल्या कंडक्टरला बरेच दिवस वाटत होतं की मी मिक्सर विकते.

जिममध्ये आमच्याकडची सगळीच माणसं जात नाहीत. पोरं जातात, फोटो काढतात. पण पन्नाशीच्या बाईला तिथं जायची लाज वाटते आणि साठीच्या माणसाला त्याची गरज वाटत नाही. त्यांच्यासाठी मी. घरात जे असेल त्यावर व्यायाम करून घ्यायचा. भिंत असतेच, खाट असते, पायरी असते. भिंतीला हात टेकून अंग पुढं-मागं न्यायचं, खाटेवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, टाचा वर उचलायच्या, उताणं पडून एकेक पाय सरळ वर न्यायचा. एवढं मन लावून केलं तरी पुष्कळ झालं. लोकांना मात्र ते फार साधं वाटतं. "मॅडम, यानं होते का काई?" हा प्रश्न मला रोज विचारला जातो. विचारणाऱ्याला मी म्हणते, आधी खाटेवरून उठून दाखवा.

माझ्या कामातली पहिली अडचण म्हणजे चहा. ज्या घरात मी साखर कमी करा म्हणून सांगायला जाते, त्याच घरात मला साखर घालून चहा मिळतो. नको म्हटलं तर घरची बाई खट्टू होते आणि मग माझं काही ऐकत नाही. घेतला तर दिवसाकाठी किती कप होतात ते मी सांगणार नाही. या धंद्यानं पहिल्या वर्षी वजन वाढलं ते माझंच.

दुसरी अडचण म्हणजे माया. पांढुर्ण्याच्या एका कापड दुकानदाराची सून माझ्याकडे होती. समजूतदार मुलगी, सांगितलेलं सगळं करायची. एका पावसाळ्यात तिनं इतकं छान वजन उतरवलं की मी तिचं उदाहरण दुसऱ्या घरी देऊ लागले. पोळ्याला तिची आई आली. लेकीला दारात पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला, म्हणे सासरचे खाऊ घालत नाहीत. सासू बिचारी पार गोरीमोरी झाली. मुलगी माहेरी गेली, दिवाळीपर्यंत राहिली, आणि परत आली ती होती तशी होऊन. तिनं मला पुन्हा बोलावलं नाही. आता बाजारात मी दिसले की ती बाजूच्या गल्लीत वळते. मला त्याचं फार वाईट वाटतं. तिला कोणी रागावणार नव्हतं, मी तर नाहीच.

आणि एकदा सौसरला मी गच्चीवर बायकांचा वर्ग घेत होते. सगळ्या वेळेवर यायच्या, घाम गाळायच्या, हसायच्या. महिना झाला तरी काटा कोणाचाच हलेना. एके दिवशी छत्री विसरली म्हणून परत वर गेले, तर वर्ग संपल्यावरचा दुसरा वर्ग भरला होता. मधोमध आलुबोंडे, भोवती माझ्या विद्यार्थिनी. अर्धा तास उड्या मारून जेवढं जळतं तेवढं एका तळलेल्या आलुबोंड्यात परत येतं, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, व्यायाम केला म्हणून तं भूक लागते." मग मीही एक घेतला.

पण सांगायची आहे ती गोष्ट वामनरावांची.

पल्लवी माझी शाळेतली विद्यार्थिनी. खो-खोत पाठलाग करावा तर तिनंच. आता नागपूरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिचं लग्न ठरलं आणि ती पेढे घेऊन आली. पेढ्याचा पुडा ठेवून म्हणाली, "मॅडम, माझ्या बाबांना तुम्ही पाहाल का? त्यांना खाली बसायचं आहे."

"बसायचं आहे म्हणजे?"

"लग्नात. पाटावर."

वामनराव म्हणजे रामाकोन्याकडचे शेतकरी. कपाशी, तूर आणि संत्र्याचा बगीचा. माणूस उंच, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की गुडघे अजून शाबूत आहेत, पण त्यांच्यावर भार फार आहे आणि मांड्यांत जोर राहिलेला नाही. कित्येक वर्षांत ते जमिनीवर बसले नव्हते. पंगतीत त्यांचं पान वेगळं, टेबलावर. गुरुजींनी सांगितलं होतं की हल्ली आई-बाप खुर्चीवर बसूनही कन्यादान करतात, चालतं. वामनरावांना ते चालत नव्हतं.

"खुर्चीवर बसून माणूस दाढी करून घेते मॅडम," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "खुर्चीवर बसून पोरगी देत असते का कोणी?"

त्यात आणखी एक काटा रुतलेला होता. वामनरावांचे थोरले भाऊ नामदेवराव. वाटण्या झाल्यापासून दोघं भांडत नव्हते, पण कामापुरतंच बोलत. शेताला शेत लागून. नामदेवराव अंगानं काटकुळे, अजून मांडी घालून तासभर बसतील. लग्नाची बोलणी झाली तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वामन, तुले बसता नाई येत तं मी अन् तुही वहिनी बसतो. पल्लवी का आमची कोणी नाई?"

हे मला सांगताना वामनरावांचा आवाज खाली आला. "दादा चांगल्या मनानं बोलला मॅडम. थेच तं लागलं."

पोरगी ही दान द्यायची वस्तू आहे का, असा वाद मी पल्लवीशी घालून पाहिला. ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली. म्हणाली, "दानाचं मला काही नाही मॅडम. मला त्या वेळी बाबा माझ्यासमोर बसलेले हवेत. मोठेबाबा नाही, बाबा." एवढं ऐकल्यावर मी पिशवी खांद्याला लावली.

काटा जमिनीवर ठेवला तर वामनराव म्हणाले, थांबा. कपाशी विकणाऱ्या माणसाचा कोणत्याही काट्यावर विश्वास नसतो, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. त्यांनी गोठ्यातून खताची न फोडलेली थैली आणवली, गड्यानं ती काट्यावर ठेवली. थैलीवर छापलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा बरोबर जुळला. मग ते स्वतः चढले. आकडा पाहिला, खाली उतरले, आणि थैलीवरचा छापील आकडा पुन्हा वाचला.

"थैलीतच कमी भरलं असन," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी कमलबाई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी त्यांनाही बोलावून घेतलं, कारण काम निम्मं त्यांचं होतं. कॅलरी म्हणजे काय ते मी शेतकऱ्याला विहिरीवरून सांगते. झिरप जास्त आणि मोटार कमी चालली की विहिरीत पाणी चढतं. अंगाचंही तसंच, खाणं म्हणजे झिरप आणि हालचाल म्हणजे मोटार. मोटार जरा जास्त चालवायची आणि झिरप जरा कमी करायची, दोन्ही थोडं थोडं. उपाशी राहायचं नाही. जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत. ताटात भाजी आधी वाढायची, वरण घट्ट घ्यायचं, पोळी शेवटी. आणि तेल. मोठा चमचाभर तेल एका पोळीला भारी पडतं, हे कोणालाच खरं वाटत नाही. कमलबाई डब्यातून सरळ कढईत ओतायच्या. मी त्यांना आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून दिलं. त्या बाटलीकडे पाहून म्हणाल्या, "एवढ्यात तं फोडणी हसन मॅडम."

पल्लवीनं वडिलांच्या मोबाइलवर कॅलरी मोजायचं अॅप टाकून दिलं होतं. त्या अॅपला आमच्याकडचं काही ठाऊकच नव्हतं. कढीगोळे नाहीत, पातोडी नाही, रोडगे नाहीत. पातोडी लिहिलं की ते पास्ता दाखवायचं. मग आम्ही आमची मापं ठरवली. घरातली एक वाटी, एक पळी नेमून दिली, आणि अॅपमध्ये जवळचं जे सापडेल ते लिहायचं. मोजमाप तंतोतंत असायची गरज नसते. रोज त्याच वाटीनं मोजलं की पुरे, कमी झालं का वाढलं ते कळतं.

व्यायामाला मी संत्र्याचे क्रेट वापरले. भक्कम असतात आणि त्या घरात पाहिजे तेवढे होते. आधी तीन क्रेट एकावर एक उपडे ठेवायचे, त्यावर बसायचं, हात न टेकता उठायचं. ते जमलं की एक क्रेट काढायचा. मग आणखी एक. मग पाट. शेवटी जमीन. वामनराव क्रेटच्या चळतीकडे पाहून म्हणाले, "हे तं उलटी शिडी झाली." पहिल्या दिवशी तीन क्रेटवरूनही ते कमलबाईंचा खांदा धरून उठले.

पहिल्याच आठवड्यात काटा झपाझप खाली आला. वामनराव इतके खुश झाले की त्यांनी मला न विचारता गावात सांगून टाकलं. मला त्यांचा उत्साह मोडायचा नव्हता, पण खरं सांगणं भाग होतं. सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणी असतं. ते मी अॅपवरून समजावलं तर त्यांना पटेना. मग विचारलं, सकाळी वेचलेला कापूस आणि गच्चीवर दोन दिवस वाळलेला कापूस, वजन सारखं भरतं का? ते हसायला लागले. "मतलब आता नुसती वल उडाली. कापूस तं तेवढाच हाये." कापूस उतरायला वेळ लागतो, हे त्यांचं त्यांनीच कमलबाईंना समजावून सांगितलं.

दोन क्रेटवर आले तेव्हा मी चालणं वाढवलं. घरापासून शेतापर्यंत मोटरसायकल बंद, पायी जायचं, पायी यायचं. वामनराव एक दिवस चुकले नाहीत. हिवाळा होता, हवा छान होती, चेहऱ्यावर तजेला आला. मोबाइलमध्ये खाणं नीट लिहिलेलं, तेलाची बाटली आठवडा पुरत होती. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं, फक्त काटा वर चढू लागला.

मी चक्रावले. वामनरावांनी थैली परत मागवली, काटा बरोबर निघाला. कमलबाईंनी देवाशपथ सांगितलं की घरात चोरून काही खात नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते ठीक. तेवढ्यात गुरुजी येऊन वैशाखातली तारीख ठरवून गेले. आणि कमलबाईंच्या कानावर आलं की थोरल्या जाऊबाईंनी कन्यादानाला बसताना नेसायला पिवळं लुगडं घेऊन ठेवलं आहे. वामनराव त्या दिवशी व्यायामाला बसले ते क्रेटवरून उठलेच नाहीत. म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. दादालेच बसू द्या. कायले उगाच हट्ट करून राहिलो मी?"

एवढ्या मोठ्या माणसाचं असं बोलणं मला ऐकवेना. मी म्हटलं, उद्या मी तुमच्याबरोबर शेतावर येते. माझ्या मनात काही नव्हतं, नुसती सोबत करावी इतकंच होतं.

गावाबाहेर पडलो. पहिल्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एका शेतकऱ्यानं तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवल्या होत्या. "या पाटील, या मॅडम." ओंजळभर शेंगा हातात आल्या. वामनरावांना खाली बसता येत नाही, म्हणून ते उभ्यानंच सोलत राहिले. पुढच्या शेतात हरभऱ्याचे हिरवे डहाळे काडीकचऱ्याच्या जाळावर भाजत होते. तिथंही हाक आली, तिथंही उभ्यानं. त्यापुढं एका झोपडीत वाळलेल्या भुईमुगाचं पोतं उघडं होतं, सोबत गूळ. मग त्यांचा स्वतःचा बगीचा. तिथं संत्री निवडून क्रेट भरणं चालू होतं, आणि जरा दबलेलं प्रत्येक फळ ते बोलता बोलता सोलत होते. शेवटच्या धुऱ्यावर नामदेवरावांचं शेत. तिथून हाक आली नाही, पण गडी येऊन दोन कणसं हुरडा देऊन गेला. परत निघालो तेव्हा माझंच पोट तुडुंब भरलं होतं आणि पिशवीत काट्याच्या जोडीला डझनभर संत्री होती.

वाटेत मी विचारलं, "आज मोबाइलमध्ये काय लिहिलं?"

"सकाळचा चहा, दोन पोळ्या, मेथीची भाजी."

"आणि हे?"

ते थबकले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "हे कोणतं?"

"तुरी, हरभरा, शेंगा, संत्री."

"वावरात खाल्लेलं कुठं मोजतात, मॅडम?"

ते खोटं बोलत नव्हते, हे शहरातल्या वाचकांना समजावून सांगायला हवं. आमच्याकडे हा रिवाजच आहे. वाटसरूनं शेतातून मूठभर हरभरा उपटला तर मालक काही म्हणत नाही. व्यापारी क्रेट मोजतो, बागेत खाल्लेलं संत्रं कोणी मोजत नाही. शेतात जे तोंडात जातं ते खाणं नव्हे, ते बोलणंचालणं असतं. घरी ताट वाढून, पाण्याचा तांब्या ठेवून जे होतं ते जेवण. आणि वामनराव तर बसलेही नव्हते. उभ्यानं खाल्लेलं त्यांच्या हिशेबी दुप्पट माफ होतं. आता मूठभर शेंगदाणे म्हणजे जवळपास दीड-दोन पोळ्या. मी त्यांना चालायला लावलं होतं ते थेट पंगतीतून.

मनात आलं ते पहिलं म्हणजे बंदी घालावी. पण शेजाऱ्याच्या शेतातली हाक रोज नाकारणारा माणूस आमच्याकडे चार दिवसांत घमेंडखोर ठरतो. पोरीचं लग्न तोंडावर असताना गावाशी वाकडं घेऊन चालत नाही. मी मारुतीच्या पारापर्यंत विचार करत चालले आणि तिथं थांबून त्यांना नियम सांगितला.

"वावरात खा. पण जे खायचं ते खाली बसून खायचं. आणि उठताना कोणाचा हात धरायचा नाही."

त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मतलब उपाशीच मरा म्हणता."

पहिले काही दिवस खरंच तसं झालं. सगळ्या धुऱ्यांवर बसून उठायचं म्हटल्यावर त्यांनी दोन हाका हात जोडून परतवल्या. लोकांना कारण सांगितलं, तर कोणाला राग आला नाही, उलट सगळ्यांना गंमत वाटली. कोणी उंचवट्यावर जागा करून दिली, कोणी उपडं टोपलं ठेवलं. बसायचे ते एकाच ठिकाणी, आणि खायचे ते मूठभर, कारण भरल्या पोटी उठणं जड जातं हे त्यांना तिसऱ्याच दिवशी कळलं. काटा पुन्हा उतरू लागला. क्रेट दोनाचा एक झाला.

एक दिवस ते पहिल्यांदा नामदेवरावांच्या धुऱ्यावर बसले. मी होते तिथं. दोघा भावांनी हुरडा खाल्ला, बोलले फार नाहीत. उठायची वेळ झाली तशी नामदेवरावांनी आपसूक हात पुढं केला.

"हात नोको दादा," वामनराव म्हणाले. "मॅडमचा नियम हाये."

आणि त्यांनी जोर लावला, अर्धे उठले, आणि होते तिथं धपकन बसले. धुऱ्याची माती उडाली.  मग नामदेवराव हसायला लागले, इतके की त्यांना ठसका लागला, आणि खाली बसलेले वामनरावही हसायला लागले. गड्यांनी सांगितलं की वाटण्या झाल्यापासून या दोघांना एकत्र हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या प्रयत्नात वामनराव उठले. नामदेवराव पूर्ण वेळ हात पाठीमागे धरून उभे होते.

पुढच्या आठवड्यात गेले तर नामदेवरावांच्या झोपडीत एक सागाचा पाट ठेवलेला. घरून आणलेला. "लग्नात असाच असते," ते मला म्हणाले. "त्याले यावरच बसवून राहिलो मी आता." कन्यादानाला स्वतः बसायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. सगळ्या धुऱ्यांवर नियमाची राखण तेच करत. कोणी वामनला हात दिला तर याद राखा, असं त्यांनी गडीमाणसांना बजावून ठेवलं होतं. माझ्या सगळ्या कामात मला इतका पक्का मदतनीस दुसरा मिळाला नाही.

वामनराव सडपातळ झाले असं मी लिहिलं तर गावातले लोक हसतील. पोट अजून आहे. पण शर्ट सैल झाले, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, आणि होळी उलटली तेव्हा ते जमिनीवरून, एक गुडघा पुढं घेऊन, तळवा स्वतःच्या मांडीवर टेकून, कोणाच्याही आधाराविना उठत होते. मी शिकवलं होतं अगदी तसं. कमलबाई त्यांना पंगतीत इतरांबरोबर वाढू लागल्या. टेबल शेजारच्या पोरांच्या अभ्यासाला गेलं.

लग्नाच्या दिवशी मी पुढच्या रांगेत जागा धरली. सगळे नवरीकडे पाहत होते आणि मी नवरीच्या बापाच्या गुडघ्यांकडे. वामनराव धोतर सावरत पाटावर बसले, शेजारी कमलबाई. मंडपात एक हलकी कुजबुज झाली, कारण धुऱ्याधुऱ्यावरची सगळी मंडळी आली होती आणि सगळ्यांना नियम पाठ होता. थोरल्या जाऊबाई पिवळं लुगडं नेसून पल्लवीच्या मागं उभ्या होत्या आणि ते त्यांना फार शोभत होतं. गुरुजींनी विधी लांबवला. मला वाटत होतं, पायाला मुंग्या आल्या असतील, आता कसं होईल. पल्लवी समोरून वडिलांकडे पाहत होती आणि वडील तिच्याकडे.

गुरुजी म्हणाले, आता उठा. पल्लवी आधी उठली. वामनरावांनी गुडघा पुढं घेतला, तळवा मांडीवर टेकला, अंग पुढं झुकवलं. सगळं बरोबर होतं. माझ्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात पल्लवीनं मेंदीचा हात त्यांच्यापुढं केला.

 मागं उभे असलेले नामदेवराव हात पाठीशी बांधून हळूच म्हणाले, "वामन, नियम."

वामनरावांनी त्या हाताकडे पाहिलं. मग तो धरला, दोन्ही हातांनी धरला, आणि उठले. उठल्यावरही सोडला नाही. गुरुजींना पुढचं सांगायला जरा थांबावं लागलं.

पंगत बसली तेव्हा मी नामदेवरावांच्या घरच्या बायकांमध्ये बसले होते. वामनराव स्वतः बुंदीचं भांडं घेऊन वाढत आले. एका हातात भांडं, दुसऱ्या हातात डाव. माझ्यासमोर थांबले.

"उठलो असतो मॅडम मी."

"दिसत होतं मला," मी म्हटलं. "पण नियम मोडला तुम्ही."

त्यांनी बुंदीचा भरलेला डाव माझ्या पानात रिता केला. "पोरीचा हात कुठं मोजतात, मॅडम?" ते म्हणाले, आणि डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता म्हणून तसेच पुढच्या पानाकडे गेले.